गावाचे दैनिक कोणी संपवले? लिबर्टी, गेटहाउस आणि गॅनेट यांच्या हिशेबवह्यांतून

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. आपली थोरली बहीण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका छोट्या गावी तीसेक वर्षे डॉक्टर आहे. त्या गावचे दैनिक आधी आठवड्यातून तीनदा आणि आता एकदाच निघते. अंकाच्या आतल्या पानावर मालक म्हणून छापले जाणारे नाव तिच्या डोळ्यांदेखत लिबर्टी, गेटहाउस आणि गॅनेट असे बदलत गेले. आता गावातली पाच-सहा माणसे ते पत्र कंपनीकडून विकत घेण्याच्या विचारात असून त्यांनी तिच्याकडे 25 हजार डॉलर मागितले आहेत. हे पत्र इंटरनेटने मारले की कंपनीने लुटले, आणि या व्यवहारात तिने पैसे घालावेत का, असे आपण विचारले आहे.

मी मुंबईत सी.ए. झालो, पुढे अमेरिकेत आलो आणि गेली सत्तावीस वर्षे छोट्या वृत्तपत्रांचे हिशेब, मूल्यांकन आणि खरेदी-विक्री हेच काम करतो आहे. आपण नावे घेतलेल्या कंपन्यांपैकी एकीतही मी नोकरी केलेली नाही. त्यांच्याविषयी इथे जे लिहितो ते त्यांच्या जाहीर विवरणपत्रांतून आणि न्यायालयीन निकालांतून सर्वांना उपलब्ध असलेले आहे. माझ्या स्वतःच्या चुका मात्र ज्या समूहात केल्या तो वेगळा आहे, आणि त्याचे नाव देण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट, आपल्या बहिणीच्या गावचे आकडे माझ्यासमोर नाहीत. पत्राचा खप, छपाईचा करार, त्या राज्याचा सरकारी नोटिसांविषयीचा कायदा आणि मुख्य म्हणजे विक्रीत नेमके काय दिले जाते आहे, या चार गोष्टींवर शेवटचे उत्तर अवलंबून राहील.

‘मारले की लुटले’ या दोन पर्यायांत मूळ गोष्ट हाती लागत नाही, असे मला वाटते. या पत्रांचा नफा खरा होता आणि तो घसरणे बऱ्याच अंशी अटळ होते. पण घसरता नफा असलेला धंदासुद्धा वर्षानुवर्षे नीट चालवता येतो. तो चालवता आला नाही, कारण दर वेळी मालक बदलताना गावाची मक्तेदारी अशीच टिकेल असे गृहीत धरून त्या नफ्यावर कर्ज उभारले गेले. म्हणून या कंपनीचा इतिहास वाचताना मी पाटीवरचे नाव बाजूला ठेवतो आणि प्रत्येक टप्प्यावर कर्ज कोणी, किती आणि कशाच्या भरवशावर दिले एवढेच शोधतो.

आधी हा नफा कुठून येत असे ते पाहू. विसाव्या शतकाच्या शेवटी मी अशा एका कचेरीत हिशेब तपासायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा दर्शनी काउंटरवर साठीची एक बाई बसलेली होती. वर्गणीचे धनादेश, लग्नाचे फोटो, निधनवार्ता आणि घरातले जुने सामान विकण्याच्या तीन ओळींच्या जाहिराती, सगळे तीच घेत असे. मागच्या खोलीत छपाईयंत्र होते आणि दुपारी एक वाजता इमारत हलू लागे. बुधवारचा अंक सर्वांत जाड निघे, कारण किराणा दुकानांचा स्वस्ताईचा आठवडा त्या दिवशी सुरू होई आणि त्यांची रंगीत पत्रके अंकात घातली जात. जिल्ह्याचे अंदाजपत्रक, थकीत करांच्या याद्या, घरांच्या लिलावाच्या नोटिसा या कायद्यानेच स्थानिक पत्रात छापाव्या लागत. दोन मोटारविक्रेते आणि तीन बँका कायमच्या गिऱ्हाईक होत्या. गावात दुसरे पत्र नव्हते आणि टीव्ही केंद्र बऱ्याच मैलांवरच्या शहरात होते. अशा पत्राला शंभर डॉलरच्या उत्पन्नात पंचवीस-तीस डॉलर नफा सुटणे ही नवलाची गोष्ट नव्हती. शहरातल्या नामांकित दैनिकांना हे प्रमाण सहसा साधत नसे. लहान गावातले पत्र मात्र निमूटपणे ते साधत होते आणि त्याची चर्चाही कोणी करत नव्हते.

या नफ्याची किंमत फार लवकर ओळखणाऱ्यांमध्ये कॅनडाचे कॉनराड ब्लॅक आणि डेव्हिड रॅडलर हे दोघे होते. 1969 मध्ये त्यांनी एका भागीदारासह क्वेबेकमधले ‘शेर्ब्रुक रेकॉर्ड’ हे मरणपंथाला लागलेले इंग्रजी दैनिक अगदी किरकोळ रकमेत घेतले आणि खर्चाला कात्री लावून ते फायद्यात आणले. तोच धडा गिरवत 1986 पासून त्यांनी ‘अमेरिकन पब्लिशिंग’ या कंपनीमार्फत अमेरिकेतल्या लहान गावांची पत्रे घ्यायला सुरुवात केली. कंपनीचे मुख्यालय न्यूयॉर्क किंवा शिकागोत नव्हते, तर इलिनॉयच्या दक्षिण टोकाकडच्या वेस्ट फ्रँकफर्ट या कोळसाखाणींच्या गावात होते. खरेदीची वेळही त्यांनी बरोबर साधली होती. दोन-तीन पिढ्या पत्र चालवलेल्या घराण्यांत तोवर भावंडांची संख्या वाढलेली होती, वारसाकराची भीती होती आणि मुले दुसऱ्या शहरांत स्थिरावलेली होती. विकणाऱ्याला हातात रोकड हवी होती आणि घेणाऱ्याला बँक कर्ज द्यायला तयार होती.

नव्वदीच्या मध्यावर ब्लॅक आणि रॅडलर यांचे लक्ष मोठ्या पत्रांकडे वळले होते. लंडनचे ‘डेली टेलिग्राफ’ त्यांच्याकडे होतेच, 1994 मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ही आले, आणि हॉलिंजर इंटरनॅशनल या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या त्यांच्या कंपनीने लहान पत्रे टप्प्याटप्प्याने विकायला काढली. त्यांपैकी सुमारे 160 प्रकाशनांचा एक गठ्ठा जानेवारी 1998 मध्ये साधारण 31 कोटी डॉलरना लॉस एंजेलिसच्या ‘लेनर्ड ग्रीन अँड पार्टनर्स’ या प्रायव्हेट इक्विटी संस्थेने, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशांवर आणि कर्जावर कंपन्या घेऊन पुढे विकणाऱ्या संस्थेने, घेतला आणि त्यासाठी ‘लिबर्टी ग्रुप पब्लिशिंग’ ही नवी कंपनी उभी केली. आपल्या बहिणीने पाहिलेले पहिले नाव ते हेच. 1999 मध्ये दुसरा मोठा गठ्ठा अलाबामातल्या ‘कम्युनिटी न्यूजपेपर होल्डिंग्ज’कडे गेला. या कंपनीला त्या राज्याच्या कर्मचारी आणि शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचे पैसे लागलेले होते.

इथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही पत्रे विकताना ‘आम्ही तुमच्याशी स्पर्धा करणार नाही’ अशी हमी विक्रेत्याने खरेदीदाराला देणे आणि त्याचा मोबदला घेणे ही रूढ पद्धत आहे. पण हॉलिंजरच्या काही व्यवहारांत हा मोबदला कंपनीऐवजी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खिशात गेला. विकून विकून अमेरिकन पब्लिशिंगकडे कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स या सुमारे सात हजार वस्तीच्या गावचे एक साप्ताहिक तेवढे शिल्लक राहिले, तेव्हा त्या कंपनीशी स्पर्धा न करण्याबद्दल ब्लॅक, रॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळून 55 लाख डॉलर देण्याचा करार केला गेला. म्हणजे स्वतःच्याच कंपनीशी स्पर्धा न करण्याची बिदागी. रॅडलरने 2005 मध्ये गुन्हा कबूल केला, ब्लॅकला 2007 मध्ये शिकागोत दोषी ठरवले गेले. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित कायद्याचा अर्थ बराच संकुचित केला, त्यामुळे शिक्षेचा काही भाग टिकला नाही, आणि 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ब्लॅकला माफी दिली. आपण ‘लूट’ हा शब्द वापरला आहे. या सगळ्या इतिहासात तो शब्द कायद्याच्या अर्थाने जवळ येतो तो इथे. पुढचे सारे व्यवहार कागदोपत्री चोख होते, आणि माझ्या मते गावांचे खरे नुकसान या चोख व्यवहारांतच झाले.

लिबर्टीचा ताळेबंद हे त्याचे पहिले उदाहरण आहे. खरेदीच्या पैशांचा मोठा भाग नऊ टक्क्यांहून अधिक व्याजाच्या रोख्यांतून आला होता. काही रोख्यांवर तर पहिली काही वर्षे व्याज रोख न देता मुद्दलात मिळवत जायचे होते. घर घेताना पहिली पाच वर्षे हप्ताच नाही म्हणून खूष व्हावे आणि थकलेले व्याज मुद्दलावर चढत राहावे, तसे हे होते. तरीही पत्रे नफ्यात होती, कारण इंटरनेटची झळ लहान गावांपर्यंत पोचायला वेळ लागला. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फोर्ट्रेस इन्व्हेस्टमेंट ग्रुप’ने लिबर्टी सुमारे 52 कोटी 70 लाख डॉलरना विकत घेतली. पुढच्या वर्षी ‘कम्युनिटी न्यूजपेपर होल्डिंग्ज’चे मायकेल रीड प्रमुख म्हणून आले, मुख्यालय न्यूयॉर्क राज्यातल्या फेअरपोर्ट या उपनगरात हलले आणि ‘गेटहाउस मीडिया’ हे नाव लागले. हे तिने पाहिलेले दुसरे नाव.

यानंतरची दोन वर्षे मी माझ्या धंद्यातली सर्वांत बेभान वर्षे मानतो. ऑक्टोबर 2006 मध्ये गेटहाउसचा शेअर 18 डॉलरना बाजारात आला. मॅसेच्युसेट्समधली साप्ताहिके आणि दैनिके यांचे दोन गट मिळून सुमारे 40 कोटी डॉलरना घेतले होते. 2007 मध्ये पिओरिया, स्प्रिंगफील्ड आणि ओहायोतली कॉप्ली घराण्याची पत्रे 38 कोटींना आणि रॉकफर्डसह गॅनेटची चार दैनिके 41 कोटींना घेतली. त्याच वर्षी मॉरिस घराण्याची 14 छोटी दैनिके साडेअकरा कोटींना आली. शेअरधारकांना भरघोस लाभांश मिळत होता. कर्ज 1 अब्ज 20 कोटी डॉलरच्या घरात गेले.

त्या काळात मीही दुसऱ्या एका समूहासाठी असेच तक्ते करत होतो, म्हणून या गणितातली गोम आतून सांगतो. पत्राची किंमत ‘व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीच्या नफ्याच्या इतके पट’ अशी ठरते, आणि तेव्हा दहापट किंवा त्याहून अधिक देण्याची तयारी असे. समजा, एका पत्राचे उत्पन्न वर्षाला 40 लाख डॉलर आणि नफा 10 लाख आहे. दहापटीने त्याची किंमत एक कोटी झाली. त्यांतले 70 लाख 8 टक्क्यांनी कर्जाऊ घेतले, तर व्याज 5 लाख 60 हजार. दहा लाखांच्या नफ्यात ते आरामात बसते. आता उत्पन्न फक्त दहा टक्क्यांनी, म्हणजे 36 लाखांवर आले असे धरा. छपाईयंत्र, इमारत, वितरण आणि पगार यांचा खर्च लगेच कमी होत नाही, म्हणून नफा उरतो 6 लाख. उत्पन्न दहा टक्के घटले आणि नफा चाळीस टक्के. व्याज दिल्यावर हातात राहतात 40 हजार, आणि मुद्दल आहे तसेच. हेच पत्र बिनकर्जाचे असते तर 36 लाखांवर 6 लाख कमावणारा तो उत्तम धंदा ठरला असता. किराणा दुकानदाराला असा नफा दाखवा, तो डोळे विस्फारेल.

माझ्या तक्त्यात छोट्या जाहिरातींचे उत्पन्न दर वर्षी दोन टक्के वाढेल असे धरलेले होते. मागच्या दहा वर्षांची ती सरासरी होती आणि बैठकीत कोणीही त्यावर बोट ठेवले नाही. मीही ठेवले नाही. तेव्हा माझा स्वतःचा मुलगा जुनी सायकल संगणकावर विकत होता, आणि ते पाहूनही मी त्या रकान्यातला आकडा बदलला नाही.

2008 च्या मंदीत मोटारविक्रेते, बँका आणि घरबांधणी हे तिन्ही जाहिरातदार एकदम कोसळले. गेटहाउसने लाभांश थांबवला, शेअर एका डॉलरच्या खाली गेला आणि ऑक्टोबर 2008 मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातून त्याची नोंदणी गेली. तरी कंपनी पाच वर्षे चालत राहिली, कारण कर्जाची मुदत 2014 पर्यंत होती. ही पाच वर्षे आपल्या बहिणीला कंपनीच्या बातम्यांत दिसली नसतील, पण अंकात नक्की दिसली असतील. अशा कर्जबाजारी समूहांत सर्वत्र जे झाले तेच थोड्याफार फरकाने होते. गावचे छपाईयंत्र बंद होऊन छपाई साठ-सत्तर मैलांवरच्या मोठ्या छापखान्यात जाते. ट्रकला परत यायला वेळ लागतो, म्हणून पाने संध्याकाळीच बंद होतात. मग शुक्रवारी रात्री झालेल्या शाळेच्या फुटबॉल सामन्याचा निकाल शनिवारच्या अंकात येत नाही. ज्या अंकात आपल्या नातवाचे नाव शोधायचे त्यात ते नसेल, तर आजोबा वर्गणी कशासाठी भरतील? मुख्य इमारत विकली जाते, काउंटरवरची बाई निवृत्त होते आणि निधनवार्ता देण्यासाठी दुसऱ्या राज्यातला फोन लावावा लागतो. पानांची मांडणी मध्यवर्ती केंद्रातून होऊ लागते. गेटहाउसने 2014 मध्ये असे केंद्र टेक्ससमधल्या ऑस्टिनला काढले. प्रत्येक काटकसर सुटी पाहिली तर समर्थनीय असते, तिचा हिशेब मी स्वतः करून दाखवलेला आहे. सगळ्या एकत्र झाल्या की वर्गणीदाराला अंक अनोळखी वाटू लागतो.

सप्टेंबर 2013 मध्ये गेटहाउसने धनकोंशी आधीच सहमती करून दिवाळखोरीचा अर्ज केला. धनकोंना डॉलरमागे 40 सेंट रोख किंवा नव्या कंपनीचे शेअर असा पर्याय मिळाला. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की गेटहाउसच्या कर्जाचा निम्म्याहून अधिक भाग तोवर फोर्ट्रेसच चालवत असलेल्या ‘न्यूकॅसल’ या दुसऱ्या कंपनीने गोळा करून ठेवला होता. मालक म्हणून फोर्ट्रेसचा हिस्सा बुडाला, पण धनको म्हणून तीच पत्रे पुन्हा तिच्या छत्राखाली आली. नोव्हेंबरात दिवाळखोरी संपली आणि 2014 च्या सुरुवातीला ‘न्यू मीडिया इन्व्हेस्टमेंट ग्रुप’ ही कंपनी शेअर बाजारात उतरली. गावोगाव पाटी मात्र गेटहाउसचीच राहिली.

कर्ज उतरल्यामुळे हातात रोकड होती आणि पत्रांचे भाव पडलेले होते. ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ 4 कोटी 60 लाखांना, ‘कोलंबस डिस्पॅच’ 4 कोटी 70 लाखांना आणि ‘ऑस्टिन अमेरिकन-स्टेट्समन’ 4 कोटी 75 लाखांना मिळाले. ही तिन्ही राज्यांच्या राजधान्यांतली दैनिके आहेत, आणि तिघांची मिळून किंमत 2007 मध्ये रॉकफर्डसह चार मध्यम पत्रांना मोजलेल्या रकमेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी होते. न्यू मीडियाचे व्यवस्थापन फोर्ट्रेसकडे होते. त्याबद्दल भागभांडवलाच्या दीड टक्का वार्षिक शुल्क आणि ठरावीक मर्यादेपुढच्या नफ्यात वाटा तिला मिळत असे. शुल्क भागभांडवलावर बेतलेले असेल, तर कंपनी मोठी करत राहण्यात व्यवस्थापकाचे हित असते. त्यात वाईट हेतू शोधण्याची गरज नाही, करारच तसा लिहिलेला होता.

नोव्हेंबर 2019 मध्ये न्यू मीडियाने गॅनेट ही जुनी आणि मोठी कंपनी विकत घेतली आणि तिचेच नाव धारण केले. हे तिसरे नाव. यासाठी ‘अपोलो’ या संस्थेकडून 1 अब्ज 79 कोटी डॉलरचे कर्ज साडेअकरा टक्क्यांनी घेतले, म्हणजे वर्षाला 20 कोटींहून अधिक व्याज. चारच महिन्यांत कोविड आला. पुढे कंपनीने कमी व्याजाने फेरकर्ज घेतले आणि मुद्दलही बरेच फेडले, हे तिच्या बाजूने सांगायला हवे. पण फेडीसाठी मालमत्ता विकाव्या लागल्या, आणि छोटी पत्रे बिनमहत्त्वाची ठरली. 2021 पासून कॅन्सस, मिसुरी, मिनेसोटा अशा राज्यांतली पत्रे न्यूजर्सीच्या ‘चेरीरोड’ या मूळच्या संगणक क्षेत्रातल्या कंपनीने घेतली. काही पत्रे स्थानिक माणसांनी घेतली, काही मिटली. मिटण्याची सुरुवात त्याच्याही आधीची आहे. मिसुरीतल्या वेन्सव्हिल या लष्करी तळाशेजारच्या गावाचे ‘डेली गाइड’ गेटहाउसने सप्टेंबर 2018 मध्ये बंद केले आणि त्या गावाला दैनिक उरले नाही.

इथवरचे थोडक्यात असे, की घराण्यांकडून पत्रे गोळा झाली ती बँकेच्या कर्जावर, लिबर्टी उभी राहिली ती रोख्यांवर, गेटहाउस फुगली ती बँकांच्या 1 अब्ज 20 कोटींवर, आणि गॅनेट गिळली ती अपोलोच्या साडेअकरा टक्क्यांवर. दर वेळी आधीचा मालक पैसे घेऊन किंवा कर्ज बुडवून मोकळा झाला, आणि नव्या कर्जाचे व्याज त्याच काउंटरवरच्या कमाईतून जायचे होते.

मग इंटरनेटचे काय? ते कारण खोटे नाही. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांचे जाहिरात-उत्पन्न 2005 मध्ये सुमारे 49 अब्ज डॉलर होते, ते 2012 मध्ये 25 अब्जांवर आले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2005 पासून 3,200 हून अधिक वृत्तपत्रे नाहीशी झाली, आणि त्यांत बिनकर्जाच्या घराण्यांची साप्ताहिकेही आहेत. शिवाय लहान गावात इंटरनेटच्याही आधी वॉलमार्ट आलेला होता. मुख्य रस्त्यावरचे चपलांचे, कपड्यांचे आणि लोखंडी सामानाचे दुकान बंद झाले की तिन्ही जाहिराती गेल्या, आणि वॉलमार्ट गावच्या पत्रात फारशी जाहिरात देत नाही. बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे जाहिरातींचे निर्णय दूरच्या शहरात गेले. म्हणून कर्ज नसते तर पत्र जसेच्या तसे टिकले असते असे मी म्हणणार नाही. ते बारीक झाले असते, कदाचित साप्ताहिकही झाले असते, पण गावाच्या हातात राहिले असते आणि पडत्या काळात उरलेला नफा व्याजाऐवजी एखाद्या बातमीदाराच्या पगारात गेला असता. माझ्या पाहण्यातली जी स्वतंत्र पत्रे आज तग धरून आहेत त्यांचे मालक फार हुशार होते असे नाही, त्यांनी 2006 मध्ये कर्ज घेतले नव्हते एवढेच.

आता पैशांचा प्रश्न. आपल्या बहिणीने सर्वांत आधी पत्राचा एखादा ऑक्टोबर महिन्यातला अंक मिळवावा. टपाल खात्याची नियतकालिकांसाठीची सवलत घेणाऱ्या प्रत्येक पत्राला त्या महिन्यात मालकी आणि खपाचे निवेदन छापावे लागते, टपालाच्या भाषेत फॉर्म 3526. त्यात वर्षभराचा सरासरी सशुल्क खप आणि अलीकडच्या एका अंकाचा खप शेजारी-शेजारी असतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी असेल, तर गळती अजून थांबलेली नाही. हे निवेदन कंपनीच्या विक्रीपत्रकापेक्षा विश्वासार्ह असते, कारण त्यावर जबाबदार माणसाची सही असते.

त्यानंतर विक्रीत नेमके काय मिळते ते पाहावे. इमारत आणि यंत्र बहुधा केव्हाच विकले गेलेले असते, म्हणून हाती येते ते नाव, वर्गणीदारांची यादी, संकेतस्थळाचा पत्ता आणि टपालाचा परवाना. वर्गणीदारांनी आगाऊ भरलेले पैसे कंपनीने खर्च केलेले असतात, पण अंक पुरवण्याची जबाबदारी नव्या मालकाकडे येते. ही रक्कम किमतीतून वजा झालीच पाहिजे. सरकारी नोटिसांचा हक्कही तितकाच महत्त्वाचा आहे. पुष्कळ राज्यांत ठरावीक काळ सलग निघालेल्या आणि सशुल्क वर्गणीदार असलेल्या पत्रालाच त्या छापता येतात, त्यामुळे हस्तांतरात चार आठवडे जरी अंक बंद पडला तरी हे उत्पन्न जाऊ शकते. त्या राज्याचा कायदा वकिलाकडून तपासून घ्यावा, यात माझ्या मतावर विसंबू नये.

किमतीविषयी माझा अनुभव असा, की घसरत्या साप्ताहिकाला दोन-तीन वर्षांच्या खऱ्या नफ्याहून अधिक देऊ नये. खरा नफा म्हणजे मुख्यालयाच्या खर्चाचा लादलेला वाटा काढून आणि त्याऐवजी स्वतःला लागणारा संगणक, हिशेब आणि छपाई यांचा खर्च घालून काढलेला नफा. पाच-सहा जणांनी भांडवल स्वतःचे घालावे, बँकेचे कर्ज एक डॉलरचेही काढू नये. पैशांची जुळवाजुळव तुलनेने सोपी असते. खरी अडचण दर आठवड्याला गावसभेला बसणारा आणि शाळेच्या मैदानावर उभा राहणारा संपादक मिळवण्याची आहे. तो माणूस ठरलेला नसेल, तर तिने धनादेश लिहू नये. ठरलेला असेल, तर 25 हजार डॉलर परत येतील असे न धरता द्यावेत, आणि ना-नफा संस्था काढून ते देणगी म्हणून देता येतात का हे करसल्लागाराला विचारावे. तीस वर्षे ज्या गावाने तिला डॉक्टर म्हणून ठेवले तिथे तिला हे जड वाटणार नाही असा माझा अंदाज आहे, पण तो अंदाजच.

एक शेवटची गोष्ट, जी मी एका व्यवहारात विसरलो होतो. जुन्या अंकांचे वर्षवार बांधलेले जाड खंड असतात, काही ठिकाणी शंभर वर्षांचे. इमारत विकली गेली तेव्हा ते कुठे गेले हे कंपनीच्या मुख्यालयाला बहुधा माहीत नसते, कारण ते कोणत्याच ताळेबंदात नसतात. कधी ते जिल्ह्याच्या इतिहास मंडळाकडे असतात, कधी ग्रंथालयात, कधी जुन्या कचेरीच्या तळघरात ओल खात पडलेले असतात. माझ्या त्या व्यवहारात इमारतीच्या नव्या मालकाने ते कचऱ्याच्या गाडीत टाकल्यावर मला कळले. हे खंड, त्यांच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) आणि त्यांतल्या मजकुराचे हक्क नव्या मालकाकडे येतील असे करारात नाव घेऊन लिहून घ्यावे, आणि सही होण्याच्या आधी कोणीतरी टॉर्च घेऊन तळघरात उतरून ते मोजून यावे.